फ्रेडरिक डग्लसची शब्दसाधना

जून महिन्यात शाळा उघडली की नव्या वह्यांना तपकिरी कागदाची कव्हरे चढतात आणि त्यांतील एक वही इंग्रजी शब्दार्थांसाठी राखून ठेवली जाते. पानावर उभ्या दोन रेघा मारावयाच्या. पहिल्या रकान्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात देवनागरीत उच्चार आणि तिसऱ्यात मराठी अर्थ. रोज दहा शब्द पाठ करण्याचा संकल्प सुटतो. गणपती येईपर्यंत तो कसाबसा तग धरतो आणि दिवाळीच्या सुट्टीत वहीच कोठे तरी नाहीशी होते. मीही विद्यार्थिदशेत अशा तीन-चार वह्या भरल्या होत्या, म्हणून या उद्योगाची थट्टा मी करणार नाही. आपल्या या सीमाभागातील मुलाच्या कानांवर घरी मराठी आणि बाजारात कानडी आपोआप पडते. इंग्रजी मात्र त्याला पुस्तकातूनच वेचावी लागते. तेव्हा इंग्रजी शब्दसंग्रह वाढवावा कसा, हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतोच. नियम सांगून त्याचे उत्तर मला कधी नीटसे देता आले नाही. त्याऐवजी ज्याला वही मिळाली नाही, शिक्षक मिळाला नाही आणि शब्द शिकणे हाच ज्याचा गुन्हा ठरला, अशा एका मुलाची हकीकत येथे सांगतो.

फ्रेडरिक ऑगस्टस वॉशिंग्टन बेली हे त्याचे जन्मनाव. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील टॅलबट परगण्यात १८१८ साली त्याचा जन्म झाला. आई हॅरिएट ही गुलाम असल्यामुळे कायद्याने मूलही जन्मतःच गुलाम ठरले. आपली जन्मतारीख त्याला कधीच कळली नाही. घोड्यांना आपले वय जितके ठाऊक असते तितकेच गुलामांना असावे, अशी बहुतेक मालकांची इच्छा असे. आईला दूरच्या शेतावर कामाला जुंपलेले होते. दिवसभराचे काम उरकून ती कोसन् कोस चालत येई, रात्री मुलाला कुशीत घेऊन निजे आणि त्याला जाग येण्यापूर्वीच परत निघालेली असे. अशा भेटीही चार-पाचच झाल्या. तो सातेक वर्षांचा असताना ती वारली. ती वाचू शकत असे, त्या भागातील गुलामांत तेवढी एकटीच वाचू शकत असे, ही गोष्ट त्याला तिच्या मृत्यूनंतर पुष्कळ काळाने कोणाकडून तरी समजली. तिला ते कोणी आणि कसे शिकविले हे विचारायला ती उरली नव्हती.

आजीजवळ बालपणाची पहिली वर्षे गेली. पुढे त्याला कर्नल लॉइड यांच्या विस्तीर्ण मळ्यावर नेण्यात आले. तेथे उन्हाळा-हिवाळा अंगात गुडघ्यापर्यंतचा एक जाडाभरडा सदरा, थंडीत निजण्यासाठी धान्याचे रिकामे पोते आणि जेवणासाठी मक्याच्या पिठाची कांजी, तीही गुरांच्या दावणीसारख्या लाकडी भांड्यात सर्व मुलांपुढे एकदम ओतलेली. त्या मळ्यावर जी भाषा बोलली जाई ती आफ्रिकेतील बोलींचे अवशेष आणि मोडकी इंग्रजी यांची भेसळ होती. बाहेरच्या माणसाला ती समजणेही कठीण जाई. याच मुलाने पुढे अमेरिकेतील आणि इंग्लंडातील मोठमोठी सभागृहे आपल्या इंग्रजी वक्तृत्वाने भारून टाकली. मधल्या काळात काय घडले, हे त्याने स्वतःच तीन आत्मचरित्रांतून लिहून ठेवले आहे.

१८२६ साली, आठ वर्षांच्या फ्रेडरिकला बाल्टिमोर शहरात ह्यू ऑल्ड यांच्या घरी पाठविण्यात आले. त्यांचा लहानगा मुलगा टॉमी याला सांभाळणे हे त्याचे काम. घरधनीण सोफिया हिने यापूर्वी कधी गुलाम बाळगला नव्हता. गुलामाशी कसे वागावयाचे असते हे तिला ठाऊक नव्हते, म्हणून ती त्याच्याशी माणसाशी वागावे तशी वागली. ती मोठ्याने बायबल वाचीत असे. कागदावरच्या काळ्या खुणांतून हा आवाज कसा निघतो याचे त्या मुलाला अपार कुतूहल वाटे, आणि एके दिवशी धीर करून त्याने मला वाचायला शिकवा अशी विनंती केली. तिने आनंदाने मुळाक्षरे शिकविली, मग तीन-तीन, चार-चार अक्षरांचे शब्द. मुलगा चटकन शिकतो हे पाहून तिने कौतुकाने ती गोष्ट नवऱ्यापाशी काढली.

ह्यू ऑल्ड संतापले. त्यांनी बायकोला, त्या मुलाच्या देखतच, समजावून सांगितले की गुलामाला वाचायला शिकविणे बेकायदेशीर आहे आणि धोक्याचेही आहे. धन्याची आज्ञा पाळण्यापलीकडे त्याला काही कळता कामा नये. एकदा का तो वाचू लागला की तो गुलाम म्हणून निकामी झाला, आणि स्वतःही दुःखी झाला. धडे तत्काळ बंद पडले. पण कोपऱ्यात उभा असलेला मुलगा ते सर्व ऐकत होता. गोरा माणूस काळ्या माणसाला कोणत्या बळावर दाबून ठेवतो, हे कोडे त्याला आजवर सुटले नव्हते. ते धन्याच्या तोंडूनच सुटले. ज्या गोष्टीची धन्याला इतकी भीती वाटते तीच आपण मिळवावयाची, असे त्याने त्या दिवशी ठरविले. आपल्या विद्येचे श्रेय तो पुढे बाईंच्या ममतेइतकेच धन्याच्या विरोधालाही देत असे.

सोफियाबाईंचे पुढे काय झाले? नवऱ्याची शिकवण त्यांनी इतकी मनावर घेतली की मुलाच्या हाती वर्तमानपत्र दिसले तर त्या धावत येऊन हिसकावून घेत. तो घरात एकटा फार वेळ गप्प बसला तरी पुस्तक घेऊन बसला असेल असा संशय घेत. गुलामगिरीने माझे जितके नुकसान केले तितकेच तिचेही केले, असा डग्लसने या बाईंविषयी निवाडा दिला आहे. इतक्या छळानंतरही त्याला हा समतोल राखता आला, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

आता शिक्षक मिळवावयाचे कोठून? ते त्याला रस्त्यावर सापडले. गोदीजवळच्या फिल्पॉट रस्त्यावर गरीब गोऱ्यांची मुले खेळत असत. ऑल्ड यांच्या घरी पावाला तोटा नव्हता. या मुलांच्या पोटाला मात्र तो नेहमी होता. निरोप पोहोचवायला बाहेर पडताना फ्रेडरिक खिशात पावाचे तुकडे घेई आणि वेब्स्टरचे शुद्धलेखनाचे छोटे पुस्तक जवळ ठेवी. काम धावत उरकून जो वेळ वाचे त्यात पाव द्यावा आणि एक धडा घ्यावा, असा हा सौदा होता. त्या मुलांची नावे पुढे आत्मचरित्रात द्यावीत अशी त्याला फार इच्छा होती, पण त्याने ती दिली नाहीत. त्या ख्रिस्ती देशात गुलामाला वाचायला शिकविणे हा इतका मोठा अपराध होता की, एवढ्या वर्षांनंतरही त्यांना त्याची झळ लागली असती.

अक्षर लिहायला तो शिकला ती कथा तर याहून मौजेची आहे. जवळच डर्गिन आणि बेली यांचा जहाजबांधणीचा कारखाना होता. तेथे सुतार तासलेल्या लाकडावर ते जहाजाच्या ज्या भागात बसवावयाचे त्याप्रमाणे अक्षर घालीत. डाव्या बाजूचे असेल तर लार्बोर्डचे एल, उजव्या बाजूचे असेल तर स्टारबोर्डचे एस. पुढच्या भागाचे असेल तर फॉरवर्डचे एफ आणि मागच्या भागाचे असेल तर आफ्टचे ए. या चार अक्षरांवर त्याने हात बसविला. (ऐकताना स्टारबोर्डशी घोटाळा होतो म्हणून लार्बोर्ड हा शब्द अमेरिकन आरमाराने १८४६ मध्ये टाकून दिला व त्याच्या जागी पोर्ट हा शब्द घेतला, तेव्हा कोशात पाहून गोंधळू नका.) मग तो रस्त्यावरच्या मुलांना आव्हान देई की मला तुझ्याइतकेच लिहिता येते. मुले हसत. हा ती चार अक्षरे झोकात काढून दाखवी आणि याहून जास्त येत असेल तर काढ पाहू, असे म्हणे. चिडलेला मुलगा उरलेली अक्षरे काढून दाखवी आणि फ्रेडरिकचा नवा धडा होई. लाकडी कुंपण, विटांची भिंत आणि फरसबंदी ही त्याची पाटी, आणि खडूचा तुकडा ही लेखणी. पुढे टॉमी शाळेतून कित्त्याच्या वह्या आणू लागला. बाई सोमवारी दुपारी प्रार्थनामंदिरात गेल्या की त्या वह्यांतील कोऱ्या जागांत फ्रेडरिक त्याच्या अक्षरासारखे अक्षर गिरवी. रात्री स्वयंपाकघराच्या माळ्यावर पिठाच्या पिंपाचे मेज करून तो बायबलातील आणि स्तोत्रसंग्रहातील उतारे उतरून काढी. रस्त्याच्या गटारात बायबलची फाटकी पाने सापडली तर ती धुऊन, वाळवून तो वाचावयास ठेवी.

याच सुमारास तो लॉसन नावाच्या एका वृद्ध, धर्मनिष्ठ कृष्णवर्णीय गृहस्थाकडे जाऊ लागला. म्हाताऱ्याला वाचता फारच थोडे येई. कठीण शब्द फ्रेडरिकने उकलावेत आणि त्या शब्दांमागील भाव म्हाताऱ्याने सांगावा, असा दोघांचा अभ्यास चाले. अक्षर एकाकडे आणि अर्थ दुसऱ्याकडे, अशी ती जोडी होती.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे चरित्र निवडले तिच्याकडे वळतो. मोठ्या माणसांच्या बोलण्यात एक शब्द त्याच्या कानी वारंवार पडू लागला: ॲबोलिशन. एखादा गुलाम पळून गेला, कोणी धन्यावर हात टाकला, कोठे धान्याच्या कोठाराला आग लागली, की गोरे लोक कुजबुजत की हे ॲबोलिशनचे फळ आहे. हा शब्द उच्चारताना त्यांच्या आवाजात राग असे आणि भीतीही असे. जो शब्द धन्याला भिववितो त्यात आपल्या कामाचे काहीतरी असलेच पाहिजे, असा त्याने तर्क केला. त्याने शब्दकोश मिळविला व शब्द शोधला. तेथे काय आढळले? ॲबोलिश करण्याची क्रिया म्हणजे ॲबोलिशन, म्हणजे काही तरी रद्द करणे. पण रद्द करावयाचे काय? कोश त्याबाबतीत मुका होता. कोणाला विचारण्याची सोय नव्हती, कारण हा शब्द गुलामाच्या तोंडी येणेच संशयास्पद ठरले असते.

तो थांबला. किती तरी दिवस हा अर्धवट शब्द मनात बाळगून थांबला. शेवटी बाल्टिमोरचे एक वर्तमानपत्र त्याच्या हाती लागले. राजधानीच्या कोलंबिया जिल्ह्यातील गुलामगिरी आणि राज्याराज्यांतील गुलामांचा व्यापार रद्द करावा, म्हणजेच त्यांचे ॲबोलिशन करावे, अशी मागणी करणारे अनेक अर्ज उत्तरेकडील लोकांनी काँग्रेसपुढे मांडले होते. त्याची बातमी त्यात होती. एका वाक्यात शब्द उलगडला! गुलामगिरी नष्ट व्हावी असे वाटणारी माणसे या पृथ्वीवर आहेत, आणि ती याच देशात आहेत, हे त्याला त्या क्षणी प्रथम कळले. तुमच्यामाझ्या वहीतील तिसऱ्या रकान्यात हा शब्द निर्मूलन अशा एका शब्दाने संपला असता. त्या मुलाच्या बाबतीत त्या शब्दाचा अर्थ समजणे म्हणजे आपण एकटे नाही हे समजणे होते.

बारा-तेरा वर्षांचा असताना त्याने बूट पुसून मिळविलेल्या पैशांतून पन्नास सेंट खर्चून एक पुस्तक विकत घेतले. ते केलेब बिंगहॅम यांनी संपादिलेले आणि १७९७ साली प्रथम निघालेले ‘द कोलंबियन ऑरेटर’. शाळकरी मुलांनी वक्तृत्व शिकावे म्हणून त्यात निवडक भाषणे आणि संवाद दिले होते. त्यातील एक संवाद धनी आणि तिसऱ्यांदा पळून जाऊन पकडला गेलेला गुलाम यांच्यामध्ये आहे. धनी गुलामगिरीच्या बाजूने एकेक मुद्दा मांडतो, गुलाम तो शांतपणे खोडून काढतो, आणि अखेरीस निरुत्तर झालेला धनी त्याला मुक्त करतो. फ्रेडरिकने हे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचले. त्याच्या मनात अनेक विचार पूर्वीही उठत, परंतु शब्दांवाचून ते उठत आणि विरून जात; आता त्यांना बोलण्याचे साधन मिळाले. पाठांतराची अनेक शब्दांची यादी आणि हे पुस्तक यांत मोठा फरक आहे. येथे प्रत्येक शब्द कोणी तरी कोणाला तरी पटविण्यासाठी वापरलेला होता.

तथापि विद्येने त्याला सुख दिले असे समजू नका. ह्यू ऑल्ड यांचे भाकीत खरे ठरले: वाचू लागलेला गुलाम दुःखी झाला. आपली स्थिती किती भयंकर आहे हे त्याला कळले आणि सुटकेची वाट मात्र कोठेच दिसेना. निरक्षर सोबत्यांचा त्याला कधी कधी हेवा वाटे. जे दिसू लागले ते पुन्हा न दिसावे असे तो चिंती, पण शिकलेला शब्द विसरता येत नाही.

१८३३ मध्ये त्याला बाल्टिमोरहून परत खेड्यात, सेंट मायकेल्स येथे, त्याचा कायदेशीर मालक थॉमस ऑल्ड याच्याकडे जावे लागले. हा गुलाम डोईजड झाला आहे असे पाहून मालकाने १८३४ साली त्याला एडवर्ड कोव्ही नावाच्या, गुलामांना वठणीवर आणण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या शेतकऱ्याच्या स्वाधीन केले. सहा महिने चाबकाचे फटके खाल्ल्यावर सोळा वर्षांचा फ्रेडरिक एके दिवशी उलटला. दोघांची झुंज सुमारे दोन तास चालली, असे तो लिहितो. कोव्हीला त्याला नमविता आले नाही, आणि त्यानंतर त्याने त्याच्यावर चाबूक उगारला नाही.

पुढील वर्षी फ्रीलंड नावाच्या शेतकऱ्याकडे काम करताना त्याने रविवारची गुप्त शाळा काढली. वेब्स्टरचे तेच जुने पुस्तक त्याने बाहेर काढले. विद्यार्थी चाळीसच्या वर गेले. त्यांत मिसरूड फुटलेली मुले होती तशी प्रौढ माणसेही होती. सापडले असते तर पाठीवर एकोणचाळीस फटके ठरलेले. आपल्या साऱ्या आयुष्यात याहून गोड काम आपण केले नाही, असे त्याला पुढे वाटत असे. १८३६ च्या ईस्टरला त्याने आपल्या सोबत्यांसह पळून जाण्याचा बेत केला आणि मालकाच्या नावे परवान्याच्या चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने लिहिल्या. बेत फुटला. पकडले जाताना स्वतःची चिठ्ठी त्याने कोणाच्या नकळत चुलीत टाकली, आणि दोरखंडांनी बांधून नेले जात असता एका सोबत्याने माझ्या चिठ्ठीचे काय करू असे हळूच विचारताच, ती पावाबरोबर खाऊन टाक असे त्याने सांगितले. तोच निरोप सर्वांना गेला. पुरावा पोटात गेला आणि जीव वाचले.

दक्षिणेत विकला जाण्याऐवजी तो सुदैवाने बाल्टिमोरला परत आला. तेथे जहाजाच्या फळ्यांमधील फटी बुजविण्याची कारागिरी तो शिकला. मिळविलेली मजुरी दर आठवड्याला धन्याच्या हातावर ठेवावी लागे. येथेच स्वतंत्र कृष्णवर्णीय तरुणांच्या एका वादविवाद मंडळात त्याला प्रवेश मिळाला. ॲना मरे या स्वतंत्र असलेल्या युवतीशी त्याची ओळखही याच काळातली.

३ सप्टेंबर १८३८ रोजी, वीस वर्षांचा फ्रेडरिक खलाशाचा वेष करून उत्तरेकडे जाणाऱ्या आगगाडीत चढला. लाल सदरा, डांबर दिलेली टोपी, गळ्याभोवती सैल बांधलेला काळा रुमाल. स्वतंत्र असल्याचा दाखला त्याच्याजवळ नव्हता. एका खलाशी मित्राचा उसना घेतलेला परवाना होता आणि त्यातील वर्णन त्याच्याशी जुळत नव्हते. गाडीतल्या अधिकाऱ्याने परवान्यावरचे गरुडाचे राजचिन्ह पाहिले आणि तो पुढे गेला. अशा प्रवासात कोणी हटकले असते तर? खलाशाच्या वेषाला शोभणारे बोलणे त्याच्याजवळ तयार होते. जहाजाचा प्रत्येक भाग त्याला नावानिशी ठाऊक होता, आणि मुरलेल्या दर्यावर्दीसारखे बोलता येत होते. ज्या लाकडांवरून तो पहिली चार अक्षरे शिकला, तेथलीच बोली त्याच्या पाठीशी उभी राहिली. चोवीस तासांच्या आत तो न्यूयॉर्कला पोहोचला. ॲना पाठोपाठ आली. १५ सप्टेंबरला त्यांचा विवाह झाला आणि दोघे न्यू बेडफर्ड या बंदराच्या गावी गेले.

धरले जाऊ नये म्हणून आडनाव बदलणे भाग होते. ज्यांच्या घरी ते उतरले होते ते गृहस्थ नुकतेच सर वॉल्टर स्कॉटचे ‘द लेडी ऑफ द लेक’ हे काव्य वाचीत होते. त्यांनी त्यातील डग्लस हे नाव सुचविले. फ्रेडरिकने त्याच्या वर्तनीला आणखी एक एस जोडला आणि ते कायमचे आपले केले.

न्यू बेडफर्डमध्ये त्याने लाकडे फोडली, कोळसा उपसला, तळघरे खणली. कारागिरी येत असूनही गोरे कारागीर त्याच्याबरोबर काम करण्यास तयार नव्हते. पितळेच्या ओतशाळेत भाता हलविण्याचे काम होते. तेथे तो भात्याजवळच्या खांबाला वर्तमानपत्र खिळ्याने ठोकी, आणि दांडा वर-खाली करीत असता वाचीत राही. वेळ मिळत नाही अशी तक्रार घेऊन माझ्याकडे कोणी आले की मला हा खांब आठवतो. पण ते मी बोलून दाखवीत नाही.

ऑगस्ट १८४१ मध्ये नॅन्टकेट बेटावर गुलामगिरीविरोधी परिषदेत त्याला चार शब्द बोलण्याचा आग्रह झाला. पाय लटपटत होते, जीभ अडखळत होती. पण तो बोलला, आणि त्याच सभेनंतर मॅसॅच्युसेट्सच्या गुलामगिरीविरोधी मंडळाने त्याला आपला प्रचारक नेमले. गावोगाव व्याख्याने सुरू झाली. येथे एक विलक्षण अडचण उभी राहिली. तो इतके शुद्ध आणि समर्थ इंग्रजी बोले, की हा मनुष्य कधी गुलाम होता यावर श्रोत्यांचा विश्वासच बसेना. त्याच्या गोऱ्या मित्रांनीच त्याला सल्ला दिला की, बोलण्यात मळ्यावरच्या बोलीची थोडी छटा असू द्यावी, फार विद्वान दिसू नये. त्याने केवळ घडलेल्या गोष्टी सांगाव्यात, त्यामागील तत्त्वज्ञान आम्ही पाहून घेऊ. सल्ला सद्‌हेतूने दिलेला होता, हे डग्लसने मान्य केले आहे. तरी विचार करा: धनी म्हणत होता की याला शब्द देऊ नका, आणि मित्र म्हणत होते की मिळविलेले शब्द झाकून ठेव. त्याने झाकले नाहीत. जसे सुचेल तसेच आपण बोलणार, हे त्याने ठरविले.

संशयाला उत्तर म्हणून १८४५ साली त्याने आपले पहिले आत्मचरित्र प्रसिद्ध केले, आणि त्यात मालकांची नावे, गावे, सर्व उघड लिहिले. चार महिन्यांत सुमारे पाच हजार प्रती खपल्या. त्याच्या खरेपणाविषयी शंका उरली नाही. परंतु त्याच लेखणीने त्याचा ठावठिकाणाही मालकाला कळविला. कायद्याने तो अजून थॉमस ऑल्डची मालमत्ता होता. म्हणून त्याला आयर्लंड-इंग्लंडला जावे लागले. तेथील मित्रांनी दीडशे पौंड जमवून डिसेंबर १८४६ मध्ये त्याचे स्वातंत्र्य विकत घेतले. त्या आत्मचरित्राची इंग्रजी अगदी सरळ आहे. आपल्या शाळेतील दहावीच्या विद्यार्थ्याला थोड्या कष्टाने ते वाचता येईल. अवघड शब्द येतो तेव्हा त्याच्या आगेमागे असा प्रसंग असतो की कोश उघडण्याआधीच निम्मा अर्थ लागतो.

परत आल्यावर ३ डिसेंबर १८४७ रोजी त्याने रोचेस्टर येथून ‘द नॉर्थ स्टार’ हे वर्तमानपत्र सुरू केले. हे नाव ध्रुवताऱ्याचे. रात्री पळणारे गुलाम त्याच्याच रोखाने उत्तरेची वाट धरीत. १८५२ च्या जुलैत अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त त्याला भाषणाला बोलाविले, तेव्हा हा सण तुमचा आहे, गुलामाचा नव्हे, असे त्याने यजमानांना तोंडावर सुनावले. यादवी युद्धात त्याचे दोन पुत्र उत्तरेच्या सैन्यात लढले. १८६३ मध्ये तो स्वतः अध्यक्ष लिंकन यांना भेटला आणि कृष्णवर्णीय सैनिकांना गोऱ्यांइतकेच वेतन मिळावे यासाठी त्यांच्याशी वाद घातला. १८६५ साली घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. ॲबोलिशन हा शब्द आता अर्जांतून निघून कायद्यात आला होता.

त्या लढ्याचे पडसाद आपल्याकडेही उमटले. जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. ती अर्पणपत्रिका त्यांनी इंग्रजीत लिहिली आहे.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. जिच्या मदतीने तो पळू शकला त्या ॲनाला लिहिणे-वाचणे कधीच फारसे साधले नाही. नवरा व्याख्यानांसाठी महिनोन् महिने दूर असे. पाच मुले, घर आणि घरात लपून राहणारे पळपुटे गुलाम ती सांभाळी. चाळीस प्रौढांना शिकविणाऱ्याच्या घरात असे का व्हावे? त्याची चरित्रे वाचताना हा प्रश्न माझ्या मनात राहून जातो. १८८२ मध्ये ती वारली.

जून १८७७ मध्ये, वॉशिंग्टन येथे मार्शलच्या सरकारी अधिकारपदावर असताना, डग्लस सेंट मायकेल्सला गेला. थॉमस ऑल्ड मरणशय्येवर होता. त्याचे हात लकव्याने थरथरत होते. दोघांचेही डोळे भरून आले. काही वेळ कोणालाच बोलवेना. मग डग्लसने, आयुष्यभर सलत असलेली एक गोष्ट विचारली: माझा जन्म कधीचा? म्हाताऱ्याला दिवस सांगता आला नाही. १८१८ चा फेब्रुवारी असावा, एवढेच तो म्हणाला. मालकांच्या जुन्या नोंदवहीत पुढे संशोधकांना तोच महिना आढळला.

१८८९ ते १८९१ या काळात तो हैती देशात अमेरिकेचा राजप्रतिनिधी होता. २० फेब्रुवारी १८९५ रोजी तो वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या हक्कांच्या परिषदेला जाऊन घरी परतला आणि दुसरी पत्नी हेलन हिला तेथील हकीकत साभिनय सांगत असतानाच कोसळला. त्या संध्याकाळी जवळच्या एका प्रार्थनामंदिरात त्याचे व्याख्यान ठरलेले होते.